पहिला शब्द देणारे नाना

माणूस काहीही विसरत नाही. जन्मभराचं सगळं आत जागच्या जागी असतं. अडतं ते फक्त पहिल्या शब्दापाशी.

हा सिद्धांत नाना राऊतांनी मला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते आचोळ्यातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या बंद दारासमोर, हातात दुधाची पिशवी घेऊन उभे होते. किल्ली आत राहिली होती. त्या महिन्यात तिसऱ्यांदा.

नाना मूळचे वसईतल्या होळी गावचे. घरची वाडी होती, केळी-पानवेली होत्या. भावाभावांत वाटण्या झाल्यावर नानांनी आमच्या शेजारचा फ्लॅट घेतला. नोकरी त्यांनी कुठेतरी कारकुनाची केली, पण ती त्यांच्या बोलण्यात कधी येत नाही. विचारलं तर सांगतात, "मी प्रॉम्प्टर." वसईच्या गावागावांत जत्रेला, सणाला हौशी नाटकं होत, तेव्हा चाळीस वर्षं विंगेत वही घेऊन बसणारा माणूस म्हणजे नाना.

"प्रॉम्प्टरने वाक्य द्यायचं नसतं," ते मला शिकवत. "वाक्य शाळेतला मास्तर देतो. आपण पहिला शब्द द्यायचा आणि गप्प बसायचं. पुढचं तो स्वतःच काढतो. आणि थांबलेला नट वेगळा, अडकलेला वेगळा. थांबलेल्याला शब्द दिलात तर तो शिव्या घालतो."

"ओळखायचं कसं?"

"कानावरून. अडकलेल्याचा कान जरा मागे येतो."

मी घरी येऊन आरशासमोर बराच वेळ अडकून पाहिलं. माझा कान हलला नाही.

नाटकं बंद पडली, वही गेली, पण नानांची सवय गेली नाही. ते अख्ख्या इमारतीला शब्द देऊ लागले. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी तिसऱ्या अध्यायानंतर पोथी मिटायला घेतली, तेव्हा मागून हलकेच आवाज आला, "चौथा." गुरुजी विसरले नव्हते. त्यांना पुढे आणखी दोन पूजा होत्या. सव्वीस जानेवारीला चेअरमन भाषणात "आजच्या या मंगल दिवशी" म्हणून अडले. झेंड्याच्या खांबामागून नानांनी "दीडशे" एवढंच दिलं, आणि चेअरमननी दीडशे वर्षांच्या गुलामगिरीपासून सुरुवात करून पंधरा ऑगस्टचं भाषण शेवटपर्यंत म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नाना, भाषण चुकलं की!"

"भाषण बरोबर होतं," नाना म्हणाले. "तारीख चुकली."

नानांचा एकच खरा मित्र, भुईगावचा बस्त्याव. प्रत्येक नाटकाचा नायक. उंचापुरा, खणखणीत आवाजाचा, आणि पाठांतराला अगदी कच्चा. दर पानाला नानांचा शब्द घ्यायचा आणि टाळ्या मात्र एकट्याने घ्यायचा. सात महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून काही येत नसे. डॉक्टरांनी नाव विचारलं तर घाम फुटला, पण नाव आलं नाही. शेजारी नाना होते. ते कानाशी वाकून म्हणाले, "फितुरा."

बस्त्यावने डावा हात उचलला आणि डॉक्टरांना सुनावलं, "फितुरा! या बुरुजाचा एकेक दगड तुझ्या नावाने थुंकतोय! गनिमाच्या सोन्यासाठी आईचं दूध विकलंस!" पुढे पाऊण पान. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मग ते म्हणाले की, जुनं घोकलेलं असं येतं कधीकधी. नवं यायला कठीण.

इथे प्रश्न उभा राहिला. बस्त्याव आणि मारी यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. अशा वेळी चर्चमध्ये नवरा-बायको वेदीपुढे उभे राहून लग्नाचं वचन पुन्हा देतात. फादर समजूतदार होते. "बस्त्यावकाकांनी नुसती मान हलवली तरी चालेल," ते म्हणाले. बस्त्यावने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर असा फटका मारला की मारीवहिनी माजघरातून धावत आल्या. मान हलवायला तो तयार नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी तोंडाने दिलेलं वचन त्याला तोंडानेच द्यायचं होतं. फादरनी वचन एका वाक्याचं करून दिलं: "मारी, सुखात आणि दुखण्यात मी तुझा हात सोडणार नाही." ते बसवून घ्यायचं काम नानांनी पत्करलं. त्यांना दर रविवारी स्कूटरवरून भुईगावला पोहोचवायचं काम माझ्यावर आलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

तालीम ओटीवर चाले. बस्त्याव आरामखुर्चीत, नाना दाराआड प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. नाना हलकेच म्हणत, "मारी."

"काय?" आतून वहिनी ओरडत.

"वहिनी, तुम्हाला नाही बोलावत!"

"मग माझं नाव कशाला घेता? हात माशांत आहेत माझे."

पाच मिनिटांनी पुन्हा "मारी", पुन्हा आतून "काय?" नाना डोक्याला हात लावत. तिसऱ्या रविवारी बस्त्याव "सुखात"पर्यंत आला. सहाव्या रविवारी "दुखण्यात". आठव्या रविवारी नानांनी शब्द दिला, आतून "काय?" आलं, आणि बस्त्यावने पूर्ण वाक्य म्हटलं. नाना त्या दिवशी परतीच्या वाटेवर माझ्या पाठीमागे ते पूर्ण वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते.

सोहळ्याच्या दिवशी चर्च भरलं होतं. बस्त्यावला कोट घातला होता, मुलीने तोंडाला पावडर लावली होती, गळ्यात हार होता. व्हिडिओवाल्याने मोठा दिवा थेट तोंडावर मारला. नाना खांबाआड उभे. फादरनी खूण केली. नानांनी शब्द दिला, "मारी."

बस्त्यावने दिव्याकडे पाहिलं, समोरच्या गर्दीकडे पाहिलं. छाती पुढे आली. डावा हात उठला तो थेट फादरकडे.

"फितुरा! या बुरुजाचा एकेक दगड तुझ्या नावाने थुंकतोय!"

फादर तरुण होते. त्यांनी हे नाटक पाहिलेलं नव्हतं. ते आईच्या दुधापर्यंत शांतपणे उभे राहिले. मागच्या बाकांवर काही म्हातारी माणसं होती, त्यांतल्या एकाने टाळी वाजवली. बस्त्याव थांबला. आपण काय म्हटलं ते त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा पडला.

मग चाळीस वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. नाना विंगेतून बाहेर आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं व्हिडिओवाल्याला म्हणाले, "तो दिवा बंद कर." त्यांनी बस्त्यावच्या गळ्यातला हार काढला, त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वेदीच्या पायरीवर त्याच्यासमोर बसले. म्हणाले, "मारी." बस्त्यावचे ओठ हलले. आवाज नाही. नानांनी पुन्हा शब्द दिला. या वेळी त्यांचाच आवाज फाटला.

मारीवहिनी इतका वेळ रेशमी साडीत, मान खाली घालून, वधूसारख्या गप्प उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय?"

"मारी," बस्त्याव म्हणाला, "सुखात आणि दुखण्यात मी तुझा हात सोडणार नाही."

नंतर मांडवात नाना माझ्याशेजारी येऊन बसले.

"चाळीस वर्षं विंगेतून मी त्याचा डावा कान बघितला," ते म्हणाले. "तोंड आज बघितलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मला वाटत होतं, शब्द मी देतोय."

नानांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या घरात पहिला शब्द दिला तरी आतून "काय?" म्हणायला कोणी नाही. संध्याकाळी ते आमच्या दाराशी येऊन माझ्या बायकोला "को..." म्हणत, आणि ती "कोथिंबीर! विसरलेच होते!" म्हणे, तेव्हा हे मला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात बस्त्यावपुढे ताट आलं. त्याने डाव्या हाताने एक घास घेतला आणि थांबला. त्याचे ओठ हलू लागले. नाना लगबगीने उठून त्याच्या खुर्चीमागे गेले, वाकले. बस्त्यावने हाताने त्यांना बाजूला केलं. सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. मुलीने डोळ्यांना पदर लावला. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कोणी न सुचवता काहीतरी सांगायचं होतं.

"खारट," बस्त्याव म्हणाला.

रस्सा खरोखरच खारट झाला होता.