अकरावीत बसणारे नाना

आमच्या जळगावच्या कॉलेजात अकरावी सायन्सला सत्तावन्न वर्षांचा एक विद्यार्थी आहे. फी भरत नाही, उलट पगार घेतो.

हे आमचे लॅब अटेंडंट, असोद्याचे नाना. दरवर्षी नवी पोरं आली की हे गृहस्थ खांद्यावर फडकं टाकून शेवटच्या बाकावर बसणार आणि मी जरा रंगात आले की हात वर करणार. "मॅडम, मले काही समजलं नाही. पुन्हा सांगा." पोरं खिदळतात. मी केमिस्ट्री शिकवते, आणि माझा पारा चढायला वेळ लागत नाही. एकदा प्राचार्यांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "मलाही मीटिंगमध्ये नाना असंच विचारतात हो!"

बरं, शंका विचारली तर उत्तर तरी ऐकावं! छे! दुसऱ्या कोणाचा हात वर गेला रे गेला की नाना पसार. "माझं काम झालं."

गेल्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून सपना आली. शाळा मराठीतून, इथे सगळं इंग्रजीत. आठ दिवस तोंडातून शब्द नाही. नवव्या दिवशी आईला घेऊन दाखला काढायला ऑफिसात हजर. नाना आडवे आले. "ताई, क्लार्क बारा वाजता येतो. तवरोक पोरीले तासाले बसू द्या." क्लार्क समोरच चहा पीत होता! नानांनी डोळे वटारले तसा बिचारा कप घेऊन उठून गेला.

त्या तासाला मी 'मोल' शिकवत होते. नाना उठले. "समजलं नाही." पुन्हा सांगितलं. "नाहीच समजलं." मी कडाडले, "अहो, तुम्ही सोडून सगळ्यांना समजलंय!"

नाना वर्गाकडे वळले. "काय रे पोरांनो, मी एकटाच ढ का?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग सपना उभी राहिली. "मॅडम, मलाही नाही समजलं." पाठोपाठ वीसेक हात वर! नाना तोवर दाराबाहेर. मी निमूटपणे पहिल्यापासून, मराठीतून शिकवलं. तास संपल्यावर सपनाने आईला सांगितलं, "मी राहते." आई दाखला न घेताच गावी गेली.

यंदा सपना केमिस्ट्रीत वर्गात पहिली आली! पेढे घेऊन लॅबमध्ये आली, तेव्हा मी म्हणाले, "नाना, न समजल्याचं नाटक तुम्हाला झकास जमतं."

"नाटक कसलं, मॅडम? चाळीस वर्षांमागं याच वर्गातून दाखला नेला मी. मोल समजला नाही अन् विचारायची छाती झाली नाही. अजून कुठं समजलाय!"

सपनाने त्यांना सरळ स्टुलावर बसवलं.

"नाना, बारा केळी म्हणजे?"

"डझन."

"तसंच. मोल म्हणजे मोजायचं मापच. अणू फार बारीक, म्हणून आकडा फार मोठा."

नाना हळूच म्हणाले, "एवढंच होतं?"

"एवढंच."

नानांनी डोळे पुसले, पेढा तोंडात टाकला आणि स्टूल पुढे ओढलं.

"मंग पुढचं सांग."