बिचाऱ्या ड्रायव्हरचा काय दोष!

"पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं दे मला!" नवरोबांनी बाह्या सरसावल्या. ऑफिसचं अख्खं नेटवर्क सांभाळणारा माणूस. घरातलं एक नेटवर्क कार्ड म्हणजे डाव्या हातचा मळ!

अकरा वाजता बायकोची ऑनलाइन मुलाखत होती. नऊ वर्षांनी पुन्हा नोकरी, तीही भाषांतराची, तिच्या जिवाभावाची! सकाळी तिने कॉम्प्युटरवरून बहिणीला व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर बहीण तोंड वासून जी थिजली ती थिजलीच.

"अहो, राहू द्या. मी फोनवरूनच देते."

"फोनवरून? माझ्या घरात? कार्ड हजार एमबीपीएस वेगाचं, आणि रांगतंय दहावर! कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमचा ड्रायव्हर बिघडलाय, दुसरं काय!"

ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम. नवरोबांनी तो मुळासकट उपटला. मग नवा डाउनलोड करायला गेले, तर नेटच नाही! नेट आणणाऱ्यालाच हाकलल्यावर आणणार कोण?

"काय झालं हो?"

"कुठे काय! तू केस विंचर. आणि तुझा फोन दे जरा." स्वतःचा फोन त्यांनी परवाच घरी 'दुरुस्त' केला होता.

तिच्या फोनच्या नेटवरून ड्रायव्हर गोगलगायीसारखा उतरू लागला. अकराला पाच कमी.

"फोन द्या हो माझा!"

"आता काढला तर सगळं मुसळ केरात! दोनच मिनिटं!"

बायको प्रमाणपत्रांची नवी फाईल छातीशी धरून दारात उभी राहिली. सव्वाअकराला नवा ड्रायव्हर बसला. वेग? दहा!

घाम पुसताना पडलेला रुमाल उचलायला नवरोबा खाली वाकले आणि दिसली ती नेटची वायर. रविवारी त्यांनीच सरकवलेल्या कपाटाच्या पायाखाली पार चेपलेली! 'आधी वायर बघा' हे ऑफिसात दिवसातून दहा जणांना सांगणारा हा गृहस्थ! अरे माणसा, एकदा वाकला असतास तर!

वायर बदलली. हजार!

"झालं! बस, बस लवकर!"

ती बसली. कंपनीचं पत्र मेलवर आलेलंच होतं, एका क्षणात उघडलं. 'आपण वेळेवर उपस्थित न राहिल्याने...'

तिने पुढचं वाचलं नाही. नवरोबांना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर किती बरं झालं असतं!

"छान चालतंय हो आता," ती म्हणाली, आणि फाईल परत कपाटात ठेवायला गेली.