मुखरूचा सूर दिल्लीत थांबेना

मुखरूनं वीस वर्षं तुणतुणं वाजवलं, पण "मुखरूनं काय वाजवलं" असं कोणी कधी म्हटलं नाही. नागभीडच्या खडी गंमतीत, म्हणजे तिकडच्या तमाशात, लोक शाहिराला पाहायचे, नाच्याला तर जरा जास्तच पाहायचे. मागे उभं राहून एका तारेवर टुणटुण करणाऱ्याकडे कोण बघतो? खुद्द त्याची बायको रंभा म्हणायची, "तुमचा बाजा सुरू होते तवा समजत नाई, न बंद होते तवाबी समजत नाई."

अशा मुखरूला दिल्लीला जायचा योग आला तो हिवतापामुळे. स्टेशनमास्तरांची बहीण इंदुताई म्हणजे नागपूरच्या नावाजलेल्या गायिका. त्या साली त्यांना शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता. दिल्लीत आधी गायचं, मग पुरस्कार घ्यायचा. त्याआधी चार दिवस भावाकडे विसाव्याला आल्या, तर त्यांच्या तानपुरेवाल्याला इथल्या डासांनी धरलं. गोधडीखाली तो असा कापत होता, की तानपुरा हाती दिला असता तर आपोआप वाजला असता.

मास्तरांनी मुखरूला बोलावलं. तानपुरा पाहून तो एवढंच म्हणाला, की हा आमच्या तुणतुण्याचा आजा दिसते. पण बोटं ठेवली मात्र, आणि इंदुताई थक्क झाल्या. दोन दिवसांच्या शिकवणीत त्याचा सूर तसूभर हलला नाही.

"मुखरूभाऊ," त्यांनी बजावलं, "काही झालं तरी थांबायचं नाही बरं का."

"ते मले सांगाचं काम नाई, बाई. आमच्यात शाहीर येऊन बाज्याले हात लावते, तवाच सूर बंद होते. एक डाव मांडवात वाघ आल्ता. सारे मानसं पळाले, शाहीरबी पळाला. मी वाजवत राह्यलो. वाघानंच कटाळून वापस जाणं केलं."

इंदुताई हसल्या, आणि विसरल्या. तिथंच सगळं बिनसलं.

रंभानं लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले आणि फलाटावर चारचौघांदेखत सांगितलं, "गावाचं नाव हाय. मधातच थांबले त घरी येऊ नका." आता रंभापेक्षा वाघ बरा, अशी मुखरूची गत झाली.

दिल्लीचा तो सभामंडप, ते दिवे, आकाशवाणीचे ते मायक्रोफोन! मुखरूनं डोळे मिटून घेतले. इंदुताई अशा गायल्या, की टाळ्या संपता संपेनात. त्याच टाळ्यांत त्या उठल्या, पुढं जाऊन मोठ्या पाहुण्यांच्या हातून पुरस्कार घेतला, शाल घेतली, आणि फोटोवाल्यांच्या घोळक्यातून आत निघून गेल्या. मागं मुखरू वाजवतोच आहे. शाहीर पाणी प्यायला गेला असेल, येईल.

मोठे पाहुणे भाषणाला उभे राहिले. सभेच्या सचिवांनी पडद्याआडून हात हलवले, डोळे वटारले. मुखरूनं डोळे किलकिले करून ते पाहिलं. पण हा माणूस शाहीर नव्हता. मग एक कारकून पोटावर सरपटत तख्ताजवळ आला आणि कुजबुजला, "बंद करो." मुखरूनं आपल्या हिंदीत उत्तर दिलं, "बाई हात लगायेगी, तब." कारकुनानं तारांकडे हात नेला, तर मुखरूनं सूर न सोडता तानपुराच दुसऱ्या बाजूला फिरवला. कार्यक्रम रेडिओवरून देशभर चालला होता, झटापट करायची सोय नव्हती. आणि उठलं तर सगळ्यांना दिसणार, म्हणून तो कारकून बिचारा तिथंच सतरंजीवर पालथा पडून राहिला.

इकडं भलतंच घडत होतं. मोठ्या पाहुण्यांच्या भाषणात एरवी लोक डुलक्या घेत. आज पाठीमागं सूर मिळताच त्यांच्या वाक्यांची टोकं लांबायला लागली. एक वाक्य तर असं नेमकं जाऊन बसलं, की तिसऱ्या रांगेतून कोणी तरी "वाह" म्हणालं. पाच मिनिटांसाठी उभे राहिलेले पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले.

पुढची पाळी एका वृद्ध खाँसाहेबांची. दिल्लीच्या थंडीनं त्यांचे दोन्ही तानपुरे उतरले होते, त्यातल्या एकाची तार जुळवताना तुटली. खाँसाहेब मुखरूचा सूर डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "इसे रहने दो." तेवढ्यात इंदुताईंना ती वाघाची गोष्ट आठवली आणि त्या धावत आल्या. पण आता सचिवच हात जोडून आडवे झाले.

दीड तासानं खाँसाहेब थांबले, तेव्हा कुठं इंदुताईंनी येऊन तानपुऱ्यावर हात ठेवला. सभेत अशी शांतता पसरली, की लोकांना वाटलं, दिवे गेले.

"कुठी गेल्त्या जी, बाई?" मुखरूनं विचारलं.

त्यांनी हसत हसत सारं सांगितलं. पण मुखरूला काही हसू येईना. मोठ्या माणसाच्या बोलण्यात आपण टुणटुण केली! वडे तसेच राहिले. नागभीड येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत कबुलीची वाक्यं जुळवत बसला.

फलाटावर पाहतो तर अख्खं गाव, आणि ढोलकी. मास्तरांच्या रेडिओपुढं सगळ्यांनी कार्यक्रम ऐकला होता. खुद्द नथ्थू शाहिरानं पुढं होऊन त्याची वळकटी डोक्यावर घेतली.

"बाकीचे मधात मधात आले न गेले," नथ्थू म्हणाला. "कोणी गायला, कोणी बोलला. पूरा कारेक्रम त तुयाच होता, मुखरूभाऊ."

मुखरूनं घाबरत घाबरत रंभाला बाजूला घेतलं. "चूक झाली व. थांबाचं होतं, मी थांबलोच नाई. शेवटी इंदुबाईनं हात लावून बंद केलं."

रंभानं पदर खोचला आणि मास्तरांच्या घराकडे रागानं पाहिलं.

"काऊन बंद केलं? बातम्या बाकी होत्या ना अजून."