माधवीताईंच्या पाठीसाठी चार टायर

"अगं, पाळण्यात बसल्यासारखं वाटेल तुला, पाळण्यात!" श्यामकांतरावांनी छाती ठोकून सांगितलं. "तीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी. दणका म्हणजे काय, ते मला नको सांगूस!"

माधवीताई काही सांगतच नव्हत्या. पाठीच्या ऑपरेशनला अडीच महिने झाले होते आणि अडीच महिने बिचाऱ्यांनी मुरलीपुऱ्यातल्या घराचं छत तेवढं पाहिलं होतं. पण रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्यात त्यांच्या मुलांचं नाटक होतं! त्यांची मुलं म्हणजे जयपुरातल्या मराठी घरांतली बारा चिल्लीपिल्ली. माधवीताई त्यांना मराठी शिकवायच्या. नाटकाच्या तालमीसुद्धा त्यांनी अंथरुणातून, फोनवर घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "जा, पण दणका बसता कामा नये. आणि छोट्या गाडीत वाकून बसायचं नाही."

श्यामकांतरावांकडे जुनी पिकअप होती, निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. तिला त्यांनी ट्रकला शोभतील असे दांडगे टायर बसवून आणले. मोठा टायर, म्हणजे मोठी हवेची गादी! आता हवा किती भरायची, एवढंच काय ते ठरवायचं होतं.

टायरच्या कडेला आकडा छापलेला होता, पासष्ट. "कंपनीनं स्वतः लिहिलंय!" म्हणत त्यांनी पासष्ट भरली. मग चाचणी. माधवीताईंच्या जागी साठ किलो गव्हाचं पोतं बसवलं, त्याला बेल्ट बांधला, वर माधवीताईंची हिरवी शाल पांघरली आणि शेजारी ताकाचं पातेलं ठेवलं. ताक सांडलं नाही तर पाठ सुखरूप, असा हिशेब. पहिल्याच स्पीडब्रेकरला पोतं बेल्टसकट हातभर उडालं आणि ताक थेट श्यामकांतरावांच्या चष्म्यावर!

चष्मा पुसत घरी येतात तर शेजारच्या रत्नप्रभाबाई माधवीताईंच्या उशाशी.

"वहिनी, सांगू की नको, असं झालंय बघा. भाऊजी गाडीतून कुणाला तरी फिरवताहेत! तुमची हिरवी शाल आहे तिच्या अंगावर. मान खाली, तोंडातून शब्द नाही. आणि भाऊजी सारखे विचारताहेत, लागलं नाही ना गं?"

माधवीताईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "कोण हो ही?"

"गहू!" श्यामकांतराव ओरडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हवा काढली ती पार विसावर आणली. ताक आता गुण्यागोविंदानं बसून होतं, पण स्टिअरिंग वळवताना खांदे भरून आले. त्यात सीकर रोडवरचा प्रत्येक स्कूटरवाला काच ठोठावून जायचा. "अंकलजी, पंचर!"

"पंचर नहीं है! प्रयोग है!"

शेवटी टायरवाले भैरूंलालजी धावत आडवे आले. "प्रोफेसर साहब, ऐसे चलाओगे तो टायर रिम छोड़ देगा! और वो पैंसठ तो आख़िरी हद लिखी है, उतनी भरनी थोड़े ही है!" मग त्यांनी खिशातून खडू काढला. "टायर पर आड़ी लकीर खींचो. सुबह ठंडे में, सौ कदम सीधा चलाओ. लकीर बीच से मिटी तो हवा ज़्यादा, किनारों से मिटी तो कम. पूरी बराबर मिटे, वही आपकी हवा."

श्यामकांतरावांनी खडू हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तीस वर्षं हातात खडू धरला, पण तो टायरलाही लावतात हे कुणी सांगितलं नव्हतं!

शनिवारी पहाटेपासून गल्लीत रेघा ओढणं सुरू झालं. ओढ रेघ, चालव गाडी, उतर, वाक, बघ. रत्नप्रभाबाई नव्या टायरांची पूजा समजून नारळ घेऊन आल्या. सातव्या खेपेला रेघ कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली गेली. श्यामकांतराव पोरगा बोर्डात आल्यासारखे घरात धावले. "माधवी! अडतीस!"

रविवारी माधवीताई पैठणी नेसून, काठी टेकत गेटशी आल्या. अडीच महिन्यांनी गजरा माळला होता. श्यामकांतरावांनी झोकात दार उघडलं.

सीट माधवीताईंच्या छातीशी आली होती.

स्टूल आणलं, फळी आणली, उशा आणल्या. पण पाय वीतभराच्या वर उचलायचा नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद! श्यामकांतराव दार धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले त्यांचे. "अगं, सगळं मोजलं गं मी. तू चढणार कशी, तेवढंच राहिलं."

माधवीताईंना आधी रडू आलं, मग नवऱ्याचं तोंड बघून हसू आलं. पाठ धरून त्या हसत सुटल्या. तेवढ्यात नाटकातल्या तनयाचा फोन आला.

"काकू, तुम्ही निघालात? नाही? मतलब, चढताच नाही येत? मग आम्ही येतो ना! सगळे!"

चार वाजता आठ गाड्या भरून मुलं आणि आईबाप मुरलीपुऱ्यात हजर. पिकअपची मागची फळी पाडली, रत्नप्रभाबाईंनी पडद्याला चादरी दिल्या आणि झाला रंगमंच तयार! समोर खुर्चीत माधवीताई, बाजूला श्यामकांतराव. नाटकातला राजा वाक्य विसरला की माधवीताई खालून सांगायच्या आणि राजा वरून म्हणायचा, "हां, वही!" त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून श्यामकांतरावांना कृतकृत्य वाटलं.

शेवटी बाराही मुलं एकदम नाचायला लागली आणि पिकअप डुलू लागली. मागचा डावा टायर जरा बसल्यासारखा दिसला. श्यामकांतरावांनी खिशातून हवा मोजायचं गेज काढलं आणि ते उठणार, तेवढ्यात माधवीताईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"बसा हो! आता कुठे जायचंय आपल्याला?"

ते बसले. हातही सोडवून घेतला नाही. पण खोटं कशाला सांगू, नजर टायरवरच होती!