पंधरा टक्के

सरांनी दहा टक्के मागितले आणि उशीवाले लगेच म्हणाले, "पंधरा देतो." तिथेच सरांच्या मनात पाल चुकचुकली.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर घरात त्यांचा जीव रमेना आणि त्यांच्यामुळे इतरांचाही, म्हणून मुलीने त्यांना झोपेविषयीची एक वेबसाइट काढून दिली. तिच्यावर सर गाद्या-उशांची परीक्षणं लिहीत. उशीवाल्यांच्या उशीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'मानेसाठी मध्यभागी सौम्य दरी, दोन्ही अंगांना पठार, आणि भूस्खलनाचा धोका कुठेही नाही.' हे वाचून लोकांनी भराभर उशा मागवल्या. मुलगी म्हणाली, बाबा, लेख तुमचा आणि फायदा त्यांचा, हे काही बरोबर नाही. तुमच्या लेखावरून खपणाऱ्या उशांवर कमिशन मागा. म्हणून सर आज कारखान्यात येऊन बसले होते.

येताना त्यांनी सगळी तालीम केली होती. आपण दहा मागायचे, समोरचा तीन म्हणेल, आपण उठून दारापर्यंत जायचं आणि पाचावर परत यायचं. आता दारापर्यंत जायला काही कारणच उरलं नव्हतं. पलीकडे शिलाई मशिनं खडखडत होती, कापसासारखे तंतू हवेत तरंगत येऊन चहावर बसत होते आणि उशीवाले शांतपणे बिस्किटांची बशी पुढे सरकवत होते. बिस्किटंही महागातली होती.

"पंधरा का?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी दहा मागितले होते."

"मग पाच जास्तच मिळतायत की तुम्हाला."

"तेच म्हणतोय मी. का?"

उशीवाल्यांनी इतकी वर्षं धंदा केला, पण जास्त पैसे का देतोस म्हणून त्यांना कुणी धारेवर धरलं नव्हतं. बरं, बारा घ्या, असं म्हणून त्यांनी तडजोड करून पाहिली. सरांना वाटलं, आता हा घासाघीस करतोय, म्हणजे नक्की काहीतरी गळ्यात मारायचंय. ते नऊवर आले. उशीवाल्यांनी शेजारची एक उशी उचलली, दाबली, नाकाशी नेऊन हुंगली.

"सर, खरं सांगा. उशीत काही दिसलं का तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं का?" सर म्हणाले. पण हे त्यांनी वर्गात कॉपी पकडताना जसं म्हणत तशा आवाजात म्हटलं, आणि उशीवाल्यांनी ती उशी पुन्हा हुंगली. सर सहा टक्क्यांपर्यंत उतरले आणि विचार करून कळवतो म्हणून निघाले.

स्वतःचं कमिशन स्वतःच कमी करणारा माणूस उशीवाल्यांनी पाहिला नव्हता. याला उशीतला दोष कळलाय आणि उद्या लोक भांडायला आले तर आपलं नाव नको म्हणून हा अंग काढून घेतोय, असा त्यांनी अर्थ लावला. लगेच त्यांनी शिलाई थांबवली, तयार उशा उसवायला घेतल्या आणि दोष सापडेपर्यंत विक्री बंद ठेवली. इकडे सरांनी आपल्या वेबसाइटवरून पाहिलं, तर उशीखाली 'सध्या उपलब्ध नाही' अशी ओळ.

"बघ, पळाला," त्यांनी बायकोला सांगितलं, आणि लेखाखाली एक वाक्य वाढवलं: 'वाचकांनी सावध राहावे.'

कशापासून सावध राहावं हे सरांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे ते लिहिलं नव्हतं. वाचकांनी ते आपापल्या परीने भरून काढलं. एकीची मान हे वाक्य वाचल्यापासून दुखू लागली. एकाने उशी बाल्कनीत नेऊन ठेवली. उशा परत येऊ लागल्या, तसे उशीवाले एक उसवलेली उशी काखेत मारून बायकोसह सरांच्या घरी हजर झाले.

दोघा पुरुषांनी ती उशी टीपॉयवर रिकामी केली. सर भिंग घेऊन बसले. दोष दाखवा, असं उशीवाले म्हणत होते. तुम्हीच विक्री बंद केलीत, तेव्हा तो तुम्हालाच माहीत असणार, असं सर म्हणत होते. पंख्याच्या वाऱ्याने भरण खोलीभर उडत होतं. बायका स्वयंपाकघरात गेल्या होत्या. चहा उकळायच्या आत त्या बाहेर आल्या.

"ठरलं," सरांची बायको म्हणाली. "पंधरा टक्के. तुम्ही ते वाक्य आत्ता काढायचं, आणि यांची विक्री उद्यापासून सुरू."

"पण पंधरा का?" सर म्हणाले.

"आम्ही सगळ्यांनाच पंधरा देतो," उशीवाल्यांची बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सांगितलं नाहीत तुम्ही?"

"ते मला 'का' असं विचारत होते," उशीवाले म्हणाले. "सगळ्यांना देता का, असं नाही विचारलं."

सरांच्या केसांत तंतू अडकले होते. ते काढत त्यांनी वाक्य पुसलं, उशीवाल्यांनी रिकामी खोळ घडी करून काखेत मारली, आणि व्यवहार झाला. पैसे वेळच्या वेळी येतात, उशा बऱ्या खपतात.

पण एवढा मोठा करार चहा उकळायच्या आत कसा झाला, हे सरांना अजून पटलेलं नाही. त्यात त्या दोघी आता रोज दुपारी फोनवर बोलतात, आणि कुणी खोलीत आलं की विषय बदलतात. असल्या गोष्टी मुलीशी बोलता येत नाहीत. ज्याच्याशी मोकळेपणाने बोलावं असा सरांना सध्या एकच माणूस आहे. दोघींचा फोन संपला की ते हळूच गॅलरीत जातात आणि उशीवाल्यांना फोन लावतात.

"आज किती वेळ बोलल्या?"

"बराच," पलीकडून दबका आवाज येतो. "आणि सर, हसत होत्या."

"इकडेही," सर म्हणतात, आणि गॅलरीचं दार ओढून घेतात.