लोण्यासारख्या झाकणाचा डबा

आमच्या केंटकीतल्या गावात पिस्तुलाची पारख माझ्याइतकी कुणालाच नाही. पिस्तूल म्हणजे पोलाद, हे मी रॉयसच्या बंदुकांच्या दुकानात, त्याचीच कॉफी पीत, वर्षानुवर्षं सांगत आलोय. प्लास्टिकच्या पिस्तुलाला मी ‘डबा’ म्हणतो. आता दुकानात येणारे सगळे म्हणतात.

तर गेल्या आठवड्यात रॉयसने काचेखालून असाच एक डबा काढला. प्लास्टिकची मूठ, मागे घोडाच नाही, सगळी करामत आत, आणि किंमत साडेआठशे डॉलर! चार नावं ठेवावीत म्हणून मी तो उचलला, तर हात खाली ठेवायला तयार होईना. चाप असा की घेवड्याची कोवळी शेंग मोडावी. तरी मी भुललो नाही. म्हटलं, शनिवारी झाडून बघतो, मग सांगतो एवढ्या पैशांचा आहे की नाही.

शुक्रवारी स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात फोन केला.

“रॉयस, तो डबा कुणाला देऊ नकोस. हातात काय बसतो रे! आणि झाकण? लोण्यासारखं सरकतं. महाग आहे, पण आयुष्यात एकदाच घ्यायचा. नादीनला मात्र कळता कामा नये.”

पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला आम्ही झाकण म्हणतो. नादीन म्हणजे माझी बायको. ती दाराआड उभी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी झाडून पाहिलं. दहाच्या दहा गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या.

“तुझ्या जुन्यानेही एवढ्याच बसतात की,” रॉयस म्हणाला.

“बसतात. पण मजा येत नाही.”

मासेमारीच्या होडीसाठी साठवलेले पैसे मोजून दिले आणि पेटी घेऊन घरी आलो. बघतो तर फडताळं रिकामी. नादीन ठेवणीतला झगा घालून बसलेली, शेजारी तिची बहीण व्हर्ना.

“जुने डबे सगळे चर्चच्या सेलला देऊन टाकले,” नादीन म्हणाली. “एकाचंही झाकण धड नव्हतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या लक्षात राहिलं, व्हर्जिल.” तिचे डोळे भरून आले होते.

लग्नाचा वाढदिवस!

“बघू तरी भाओजींचा डबा,” व्हर्ना म्हणाली आणि तिने पेटी उघडली.

दोघींनी पिस्तुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं बोलायचं धैर्य मी आजवर कधी बाळगलेलं नाही.

“तुझ्यासाठीच आणलंय,” मी म्हणालो.

नादीनने ते उचललं, रिकामं असल्याची खात्री केली, भिंतीवर नेम धरून चाप ओढला. तिचा चेहरा हळूहळू खुलत गेला. “अगं बाई,” ती म्हणाली, “याचं झाकण खरंच लोण्यासारखं आहे.” इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. अर्धा मिनिट.

“आणि डबे सोमवारी आण,” ती म्हणाली. “उरलेलं जेवण मी काय टोपीत ठेवू?”

रॉयस अजून विचारतो, साडेआठशेचं आहे का ते? मी म्हणतो, नक्की सांगायचं तर पुन्हा एकदा झाडून बघायला हवं. नादीनकडे दोनदा मागून पाहिलं. ती देणार आहे म्हणते, फक्त आधी तिच्यासमोर साबणाने हात धुवायचे.