भोपाळ न पाहिलेले बशीरचाचा

बशीरचाचा वर्षातून दोनदा मित्राला भेटायला भोपाळला जातात, पण भोपाळ त्यांनी अजून पाहिलेलं नाही. गाडी थांबते तेवढ्यात मित्र डब्यात येतो, बसतो, चहा पितो आणि उतरतो. चाचा पुढे झाशीला जातात आणि दुसऱ्या गाडीनं श्रीरामपूरला परततात. झाशीलाही पूर्वी असाच एक मित्र यायचा. तो वारला, तरी चाचांचं तिकीट झाशीपर्यंतचंच.

तेही फर्स्ट क्लासचं. त्यांची कापसाची दलाली बंद होऊन जमाना झाला. मुलं पुण्याहून फोनवर ओरडतात. चाचा शांत.

"सादा डबा घेतला अन् दोस्त आला, तर तेला बसवू कुठं मास्तर? संडासापाशी?"

माझ्या घरीही ते असेच येतात. खुर्चीच्या कडेवर टेकतात, कप खाली ठेवला की उठतात. बसा म्हटलं की म्हणतात, "न्हाई, सिग्नल पडला." शेजारी राहूनही मी त्यांना कधी पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना सोबत हवी होती. मी गेलो. शेजारधर्म म्हणून गेलो असं गल्लीत सांगितलं. खरं म्हणजे मुलगी बंगळूरला, बायको तिच्याकडे, आणि घरात टीव्हीखेरीज कुणी बोलत नव्हतं. त्यात तिकीट चाचांनी काढलं होतं.

स्टेशनावरच्या चहावाल्यानं नेहमीप्रमाणे छेडलं, "चाचा, औंदा तरी खाली उतरा. लई मोठा तलाव हाय म्हनं तिथं."

"तलाव बघायला जातो व्हय रं मी?"

गाडी आली आणि आमची तारांबळ उडाली. इंजिनामागं असणारा फर्स्ट क्लास या खेपेला पार शेपटाला होता. पेरूंची पिशवी माझ्या खांद्यावर, थर्मास चाचांच्या गळ्यात, असे आम्ही धापा टाकत चढलो. रेल्वेला यथेच्छ नावं ठेवली. भोपाळला उभ्या राहणाऱ्या माणसाचीही हीच गत होणार, हे मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

केबिनमध्ये आम्ही दोघंच. पेरूंचा वास कोंडला होता. मी विचारलं, "एकदा भोपाळला द्वारकाप्रसादांच्या घरी चार दिवस राहून का येत नाही?"

चाचांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "पोराकडं गेल्तो पुन्याला. सूनबाईनं पानी दिलं अन् इचारलं, अब्बा, परतीचं रिझर्वेशन झालंय ना? चांगल्या मनानं इचारलं, बरं का. पर तवाच ठरवलं, कुनावर इचारायची पाळीच आनायची न्हाई. गाडी थांबंल तेवढंच बसायचं."

मागच्या आठवड्यात माझ्या मामांना मी फोनवर जवळजवळ हेच विचारलं होतं.

सकाळी भोपाळच्या बरंच आधी चाचा तयार झाले. दाढी विंचरली, अत्तर लावलं, रुमालावर चिनी मातीचे कप मांडले. गाडी थांबली. दारात कुणी नाही. चाचांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मियाँ, डिब्बा किधर है? मैं तो इंजन के पास खड़ा हूँ."

"द्वारका, तू वहीं रुक," चाचा म्हणाले. पण फोन बंद झाला होता.

चाचा दारात उभे राहिले. गर्दी पांगली तसा दूरवर एक म्हातारा दिसला. वॉकर पुढं टाकायचा, एक पाऊल, पुन्हा वॉकर. आमच्यात नि त्याच्यात निम्मी गाडी होती. चाचांनी हातानं थांब थांब खुणावलं. त्याला वाटलं, बोलावताहेत. तो आणखी घाईनं येऊ लागला.

भोंगा वाजला. "चाचा, आत या," मी म्हणालो आणि त्यांची बाही धरली. त्यांच्या गुडघ्याची काळजी होती, हे खरंच. पण पुढचा सगळा रस्ता त्या केबिनमध्ये एकट्यानं बसायचं, हेही मनात येऊन गेलं होतं.

त्यांनी माझी बोटं हलकेच सोडवली. "मास्तर, तो इंजनापासून चालत आलाय हो."

कठड्याला धरून, दुखरा पाय आधी टेकवत, चाचा फलाटावर उतरले. रिकाम्या हातांनी. मी घाईघाईनं पेरूंची पिशवी खाली दिली, तेवढ्यात गाडी हलली. आमचा डबा वॉकरवाल्यापाशी आला तेव्हा तो थांबून धापा टाकत होता. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मागून लंगडत येणाऱ्या चाचांकडे तो बघत होता, आणि कुणीतरी मोठी चूक केल्यासारखा रागानं काहीतरी बोलत होता. चाचा मान डोलवत सगळं कबूल करत होते.

अटेंडंट धावत आला. "अंकलजी नीचे रह गए क्या?"

"नहीं," मी म्हणालो, "उनको यहीं उतरना था."